भुंगीचे दुधाचे सुळे

३ मार्च, मंगळवार

आमच्या कुत्रीच्या, भुंगीच्या, तोंडात दात जास्त आहेत. मला वाटलं होतं, इंजेक्शन टोचून पाच मिनिटांत घरी येऊ. पण डॉक्टरबाईंनी तिचा ओठ वर केला आणि म्हणाल्या, "काका, हे बघा." बघितलं. नवा सुळा आलाय आणि त्याला खेटून जुना, दुधाचा, सुईसारखा, तसाच उभा. चारही सुळ्यांची तीच गत.

"सहा महिन्यांची झाली ना ही? दुधाचे पडायला हवे होते आता," बाई म्हणाल्या. "खालचे पक्के सुळे तर आतल्या अंगानं येतायत. दुधाचे काढले तर त्यांना बाहेर सरकायला जागा होईल. भूल देऊन काढून टाकू. फार थांबू नका."

मी विचारलं, "आपोआप नाही का पडणार?"

"पडतात कधी कधी. पण पक्का दात इतका वर आल्यावर वाट बघण्यात अर्थ नसतो."

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं, पडतात कधी कधी.

संध्याकाळी दुसरी बातमी. लेकीला कारखान्याजवळ दोन खोल्या मिळाल्यात. चष्म्याच्या काचा घासायचं काम तिचं, दिवसभर डोळे ताणायचे आणि वर जाता-येता दोन-दोन बस. दमते पोर. तेव्हा ठीकच आहे. घरमालकीण एकटी बाई आहे, कुत्री चालेल म्हणाली, पण एक अट घातलीय. दात बदलणारं पिल्लू घरात नको. खोल्यांतलं सगळं लाकडी सामान तिच्या वडिलांनी हातानं केलेलं, त्याचे पाय कुरतडले तर तिचा जीव जाईल. "दुधाचे दात गेले की या, तोवर खोल्या कुणाला देत नाही," असं म्हणाली. अट रास्त आहे. भुंगीला भुंगी नाव उगाच नाही ठेवलं आम्ही. कारखान्याच्या फाटकात लेकीला सापडली तेव्हा ओंजळीत मावायची, आणि पहिल्याच आठवड्यात दाराची चौकट पोखरली. माझी डावी चप्पल तर तिनं तिसऱ्यांदा खाल्ली. आता मी चपला कपाटावर ठेवतो.

बायको लगेच पडद्यांची मापं विचारायला लागली. मला काही हरकत नाही. लेक सव्वीस वर्षांची आहे, जावंच. फक्त एवढी काय घाई आहे ते कळेना.

५ मार्च, गुरुवार

डोक्याचा भुगा झालाय. कामावर, पाण्याच्या पंपघरात, सोबतच्या बिनतारीला दातांचं बोललो. याच्या कानात शब्द पडला की गावभर होतो, म्हणून तर त्याला बिनतारी म्हणतात. दुपारपर्यंत अख्ख्या पाळीला ठाऊक. एक म्हणतो, दोरी ओढायला द्या, चार दिवसांत पडतील. दुसरा म्हणतो, दोरीनं नवे दात वाकडे होतात. तिसऱ्याच्या मेहुण्याचा कुत्रा म्हणे जुने-नवे दोन्ही दात घेऊन म्हातारा झाला, काही बिघडलं नाही. दुकानदारानं रबराचं हाडूक गळ्यात मारलं. बायको म्हणते, बाई डॉक्टर आहेत, त्यांना विचारलंत, त्यांनी सांगितलं, मग विषय संपला.

असा कसा संपला? भूल द्यायची म्हणजे यंत्र बंद करून परत चालू करायचं. पंप चालताना कधी दगा देत नाही, दगा देतो तो बंद करून चालू करताना. हे मी उभ्या नोकरीत पाहिलंय. म्हणून आपला नियम, चालत्या पंपाला पाना लावायचा नाही. आवाज ऐकायचा, अंगाला हात लावून बघायचा, आणि सगळं ठीक असेल तर गप्प बसायचं. भुंगी खाते, पळते, पोस्टमनवर भुंकते. चालतीय ना? मग?

लेकीनं सगळं माझ्यावर सोपवलंय. "बाबा, तुम्ही ठरवा. तुम्हाला यंत्रांचं कळतं, तसं हिचंही कळेल." हे बोलून तोंडात पावाचा तुकडा कोंबून बससाठी पळाली. ठरवायला मला काही वेळ लागणार नाही. थोडं थांबून बघतो.

१२ मार्च, गुरुवार

भुंगीबरोबर दोरीची ओढाओढ खेळलो. काय ताकद आहे पोरीत! गुरगुरते अशी की बाहेरच्याला वाटावं, माझा कोथळाच काढतेय. खेळता खेळता जमिनीवर काहीतरी टिक् करून पडलं. तांदळाएवढं, जरा वाकडं. दुधाचा सुळा, वरचा, उजवीकडचा.

बघा! आपोआप पडला! मी एकटाच हसलो. बायको बाजारात, लेक कामावर. दात शर्टाच्या खिशात ठेवला, दोघी आल्या की दाखवायचा म्हणून.

मग सांगायचं राहिलं. म्हणजे लेक आली ती घरमालकिणीचंच बोलत आली, की त्या खोलीत खिडकीखाली भुंगीची गादी बसेल वगैरे. एक दात पडला म्हणून सगळे पडले असं थोडंच आहे? उगाच पोरगी खोकी बांधायला घेईल. अजून तीन आहेत. रात्री ओठ वर करून पाहिले, तिन्ही जागेवर. बरं वाटलं.

१८ मार्च, बुधवार

धुवायला कपडे घेताना बायकोला खिशात दात सापडला. तो बोटांवर घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हे काय?"

"दात. भुंगीचा."

"कधी पडला?"

"पडला मागे."

"मागे म्हणजे? आणि बोलला नाहीत? पोरगी रोज विचारतेय, बाबा पडला का एखादा, आणि तुम्ही खिशात घालून हिंडताय?"

मी म्हणालो, अगं विसरलो. तर ही माझ्याकडे बघतच राहिली. नंतर बादली उचलता उचलता म्हणाली, "अहो, तुम्हाला हे दात पडायलाच नको आहेत."

आता हे काय बोलणं झालं? ओढाओढ कोण खेळतंय रोज? रबराचं हाडूक कुणी आणलं? मी चांगलाच तापलो, दोन शब्द जास्तच बोललो. रात्री जेवताना तिनं तो दात लेकीला दाखवला आणि "आज सापडला" एवढंच सांगितलं. मला सांभाळून घेतलं, की आणखी काही, ते कळलं नाही. लेक इतकी खूश झाली, की भुंगीला उचलून गोल गोल फिरवलं. मी ताटाकडे बघत बसलो.

२२ मार्च, रविवार

भुंगी गप्प झालीय. मला कारण कळलंय. लेकीनं परवा एक खोकं आणून कोपऱ्यात ठेवलं, त्यात तिची पुस्तकं आणि जुना टेबललँप घातला. तेव्हापासून ही खोक्याला टेकून पडते. दोरी दाखवली तर शेपटी हलवते पण तोंडात धरत नाही. हाडूक सोफ्याखाली धूळ खातंय. चौकटीकडे ढुंकून बघत नाही. जनावराला सगळं समजतं. घर सोडायचंय हे तिला कळलंय आणि ती आतल्या आत खंतावलीय.

बायको म्हणाली, "कुरतडायची थांबली ना? मग झालं की. घरमालकिणीला हेच हवं होतं."

म्हटलं, अट दातांची आहे. दात अजून आहेत.

सुके दाणे ती खात नाही, तोंडात घेते आणि टाकते. मी पाव दुधात भिजवून भरवतो. माझ्या हातून खाते बिचारी, मान वाकडी करून, हळू हळू. मला भरून आलं. आपण इथून निघायचं नाही हं, असं मी तिच्या कानात बोललो. कशाला बोललो कुणास ठाऊक.

लेकीनं विचारलं, "बाबा, हिला दुखत तर नसेल?"

"अगं, मी रोज ओठ वर करून बघतो. सूज नाही, काही नाही. मनाला लावून घेतलंय तिनं."

लेक तिला कुरवाळत बराच वेळ बसली. मग म्हणाली, "एवढं मनाला लागत असेल तर मी घरमालकिणीला सांगते, महिनाभर थांबा म्हणून."

मला हायसं वाटलं. भुंगीसाठी.

२७ मार्च, शुक्रवार

लेकीच्या उशीवर तांबूस डाग. भुंगी तिथंच तोंड ठेवून झोपते. बायको म्हणते रक्त आहे, मी म्हणतो नवे दात येताना हिरडी थोडी झिरपणारच. "आज घेऊन जा डॉक्टरकडे," म्हणाली. आज पाळी आहे माझी. उद्या पाळी आहे. सोमवारी दुपारी मोकळा आहे, तेव्हा नेतो म्हटलं.

पुन्हा दोघांचं वाजलं. शेवटी म्हणाली, "तुम्हाला वाटतं पोरगी जातेय म्हणून भुंगी जेवत नाही. आणि तुम्ही का नाही जेवत?"

मी व्यवस्थित जेवतो. दोनदा कमी घेतलं असेल.

गोंधळ असा आहे, की प्रत्येकाचं बोलणं ऐकताना पटतं. बाई म्हणाल्या काढा, पटलं. पंपघरात एक जण म्हणाला राहू द्या, तेही पटलं. एक दात पडला तेव्हा माझंच खरं ठरलं. बाकीचे तीन पडत नाहीत म्हणजे त्यांचं खरं. भूल देऊन भुंगी उठलीच नाही तर लेकीला काय तोंड दाखवू? आणि नाही काढले तर? तर काय, हे मी डॉक्टरबाईंना नीट विचारलंच नव्हतं. आता लिहिताना लक्षात आलं.

३० मार्च, सोमवार



दुपारी पाळीवरून आलो, घरात कुणी नव्हतं. खुर्चीत बसून बूट काढत होतो. आत स्वयंपाकघरात भुंगी पाणी पीत होती. लप लप लप, आणि थांबली. लप लप, थांबली. परत एकदा लप, आणि बारीक आवाज, कुईं नव्हे, त्याच्याही आतला.

हा आवाज मला कळतो. पंपानं हवा धरली की पाणी असंच तुटक येतं. बाहेरून अंग थंड, गेज ठीक, सगळं ठीक, आणि आवाजात खोट. अशा वेळी मी कुणाचं ऐकत नाही. पंप बंद करायला लावतो आणि झाकण खोलतो. तो नियमही माझाच आहे. तो मला इतके दिवस आठवला नाही.

विजेरी आणली. भुंगीला मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदा तिचं तोंड पूर्ण उघडलं. आजवर ओठच वर केला होता. समोरून, एका बाजूनं, बस्स. तोंड मिटलेलंच.

खालचा डावा नवा सुळा दुधाच्या सुळ्यामागे आत दाबला गेलाय. जागाच नाही त्याला. तोंड मिटलं की त्याचं टोक सरळ टाळूत घुसतं. टाळूला खड्डा पडलाय. त्यात पावाचा कण अडकला होता, मी भरवलेला. भोवती लाल, मधे काळं. उजवीकडचा अजून टेकला नाही, पण त्याच वाटेवर आहे.

म्हणजे ही पोर जेवताना, पाणी पिताना, नुसतं तोंड मिटून झोपतानासुद्धा स्वतःला टोचत होती. आणि मी तिच्या कानात सांगत होतो, आपण निघायचं नाही हं. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडलो. ती माझं तोंड चाटत होती, त्या दुखऱ्या तोंडानं.

एक बूट पायात, एक हातात, तसाच दवाखान्यात गेलो. बाईंनी बघितलं. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "उद्या सकाळी उपाशीपोटी आणा," एवढंच म्हणाल्या.

३१ मार्च, मंगळवार

संमतीच्या कागदावर मी सही केली. भूल देताना तिनं माझ्या अंगठ्यावर हनुवटी ठेवली होती, ती हळूहळू जड झाली. मग मला बाहेर बसवलं. बाकावर एका बाजूला बायको, एका बाजूला लेक. लेकीनं रजा काढली होती. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्या दिवशी बाई "थांबू नका" म्हणाल्या होत्या तेही, आणि तो दात किती दिवस माझ्या खिशात होता तेही. मला वाटलं आता ही फाडून खाईल.

ती म्हणाली, "मी पण तोंड उघडून नाही बघितलं, बाबा. तुम्ही बघताय म्हणून सोडून दिलं."

बायको मधेच म्हणाली, "चहा घेता का कुणी?" कुणालाच नको होता, तरी ती घेऊन आली.

बाईंनी तीन दात ताटलीत आणून दाखवले. मी चाट पडलो. बाहेर दिसत होता तो दात म्हणजे नुसतं टोक. त्याच्या दुप्पट मूळ आत होतं, लांब, बारीक, वाकलेलं. "हे मोडू न देता काढायचं म्हणून वेळ लागला," त्या म्हणाल्या. "टाळू भरून येईल. नवे सुळे बाहेर सरकतात का, ते महिनाभर बघू. जखम भरली की दोन सुळ्यांच्या मधे बसेल एवढा रबरी चेंडू रोज थोडा वेळ चावायला द्या. नाही सरकले तर टोक कमी करावं लागेल."

"लवकर आणलं असतं तर?" मी विचारलं.

"तर बहुतेक आपोआप सरकले असते," त्या म्हणाल्या. आपोआप! माझा लाडका शब्द.

भुंगी उठली. झिंगल्यासारखी चालली, भिंतीला धडकली, आणि माझ्या बुटाच्या नाडीला तोंड लावायला गेली. मला हसू का आलं नाही कळेना, लेकीला आलं.

३ एप्रिल, शुक्रवार

भुंगीनं आज वाटीभर खाल्लं आणि वाटी ढकलत दारापर्यंत नेली. म्हणजे ती खंतावलेली नव्हती. तिला खोक्याशी काही देणंघेणं नव्हतं. खोकं थंड भिंतीला लागून होतं, तिला गाल टेकायला गार जागा हवी असेल. मग इतके दिवस या घरात खंतावलं होतं कोण?

जेवण झाल्यावर लेक माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, मी ठरवलंय. चेंडूचं, औषधाचं सगळं होईपर्यंत इथेच राहते. घरमालकिणीला नाही म्हणून टाकते. दुसऱ्या खोल्या मिळतील कधीतरी."

बायको भांडी आवरत होती, तिचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं नाही, पण थांबली.

मला काय वाटलं ते खरं लिहितो. मला वाटलं, वा. सांगायचंसुद्धा लागलं नाही, पोरगी आपणहून राहतेय. थोडा वेळ मी त्या आनंदात बसून होतो. लेक हसत होती, पण तिच्या डोळ्यांखाली दोन बसच्या प्रवासानं काळं झालंय, ते मी इतके महिने समोरून बघत आलोय.

म्हटलं, "चेंडू तिकडे नाही का चावता येत?"

"येतो, पण..."

"मग पण कसलं? नंबर दे तिचा."

मीच घरमालकिणीला फोन लावला. आवाज खणखणीत आहे बाईचा. म्हटलं, कुत्रीवाल्या मुलीचा बाप बोलतोय. दुधाचे दात गेले. सगळे. हो, मी स्वतः तोंड उघडून बघितलंय. ती म्हणाली, "मग या ना, कशाला थांबलात इतके दिवस?"

काय सांगणार? म्हटलं, जरा गोंधळ झाला होता.

फोन ठेवला तर लेक रडत होती. का, ते विचारायचा धीर झाला नाही. बायकोनं मला न मागता चहा केला.

१२ एप्रिल, रविवार

पोचवून आलो. मी आणि बिनतारीनं खोकी वर चढवली, त्यामुळे उद्या सगळ्यांना कळेल. खोल्या चांगल्या आहेत, उजेड भरपूर. नळ किंचित गळतो, वायसर बदलून दिला. घरमालकीण भुंगीसमोर वाकली आणि म्हणाली, "दाखव बाई तुझे दात." भुंगीनं मोठी जांभई दिली. टाळूचा खड्डा जवळजवळ भरलाय, डावा सुळा अजून आत आहे पण टोचत नाही. चेंडूची वेळ मी लेकीला तीनदा सांगितली. ती म्हणाली, "बाबा, कळलं." चौथ्यांदा सांगत होतो, बायकोनं दंडाला धरून जिना उतरवला.

परतीच्या बसमध्ये ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. रडली असावी. मला वाटत होतं ती पडद्यांच्या मापातच रमलीय. ते तरी मला कुठे कळलं होतं?

१५ एप्रिल, बुधवार

काल संध्याकाळी फिरून आलो आणि चपला सवयीनं कपाटावर ठेवल्या. मग म्हटलं, कशाला? खाली काढल्या, दाराशी ठेवल्या, भुंगीच्या जागेजवळ.

आज सकाळी उठून पाहिलं. दोन्ही धड होत्या.